खगोलशास्त्राचे पेपर शोधताना: एडीएस, अर्काइव्ह, सिम्बाड आणि त्यांच्या खोड्या

जुलै २०१७मध्ये बातमी आली की पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांनी आकाशगंगांचा एक प्रचंड महासमूह शोधला असून त्याचं नाव सरस्वती ठेवलंय. अशी बातमी वाचून मूळ पेपर वाचावासा वाटला, तर नवखा माणूस गूगलवर जातो आणि तीच बातमी वीस संकेतस्थळांवर पुन्हा वाचून परत येतो. जर्नलचं नाव सापडलं तरी प्रकाशकाच्या पानावर पैसे मागतील या भीतीने पुढे जात नाही.

खरं तर खगोलशास्त्राइतकं सुटसुटीत वाङ्मय फार थोड्या विषयांत आहे. जवळजवळ सगळं एकाच ठिकाणी नोंदलेलं असतं, शोधायला पैसे लागत नाहीत आणि संस्थेचा लॉगिनही लागत नाही. ते ठिकाण म्हणजे नासाच्या पैशावर चालणारी आणि अमेरिकेतल्या केंब्रिजच्या स्मिथसोनियन अ‍ॅस्ट्रोफिजिकल ऑब्झर्व्हेटरीने सांभाळलेली अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम, म्हणजेच एडीएस. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती चालू आहे. अर्काइव्ह (छापून येण्याआधीच्या पेपरांचं भांडार), सिम्बाड आणि नेड (आकाशातल्या वस्तूंच्या नोंदी), व्हिझिएर (पेपरांतल्या सारण्या) ही बाकीची नावं लागतात, पण ठरावीक कामापुरती. म्हणून एडीएस नीट शिका आणि बाकीच्यांची तोंडओळख ठेवा.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. खाली शोधसूत्रं उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरं इंग्रजी घ्यायची, पण अपूर्णविराम, अवतरणं, कंस आणि टोपीचं चिन्ह (^) जसंच्या तसं. अवतरणचिन्हं सरळ हवीत. वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणं वापरलीत तर निकाल चुकू शकतो आणि कारण लवकर लक्षात येत नाही.

पहिला शोध

एडीएस उघडलं की एकच पट्टी दिसते. तिच्यात नुसतं सरस्वती टाकून पाहा. निकालांत लुप्त सरस्वती नदीवरचे भूशास्त्राचे पेपर येतात, सरस्वती आडनावाचे लेखकही येतात. एडीएसमध्ये खगोलशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र आणि इतर विषयांच्याही नोंदी असल्याने हे होतं. डाव्या बाजूच्या गाळण्यांमध्ये 'कलेक्शन्स' आहे, तिथे अ‍ॅस्ट्रॉनॉमीवर टिचकी मारली की नदी बाजूला पडते.

पुढची पायरी म्हणजे क्षेत्र सांगणं. टायटल:सरस्वती म्हटलं की फक्त शीर्षकात शोधलं जातं. एबीएस: म्हटलं की शीर्षक, सारांश आणि कीवर्ड तिन्हींत. फुल: म्हटलं की मजकूरभर. सुरुवात एबीएसने करावी. फुल: वापरलं तर ज्या पेपरात तो शब्द कुठेतरी एकदाच आलाय तोही येतो आणि यादी हजारांत जाते.

नवखे हमखास अडखळतात ते इथे. एबीएस:डार्क एनर्जी असं लिहिलं तर एबीएस फक्त 'डार्क'ला लागतं आणि 'एनर्जी' मोकळी सुटते. दोन शब्द शेजारीशेजारी हवे असतील तर एबीएस:"डार्क एनर्जी". दोन्ही हवे पण कुठेही चालतील तर एबीएस:(डार्क एनर्जी). दोन अटी नुसत्या एकामागे एक लिहिल्या की 'आणि' असा अर्थ होतो. 'किंवा' हवं असेल तर ओआर मोठ्या लिपीत. नको असलेल्या अटीआधी वजाचं चिन्ह. वर्षांसाठी इयर:२०१५-२०२०, आकडे अर्थात इंग्रजी.

एडीएस समानार्थी शब्द आपणहून जोडतं, एकवचन टाकलं तरी अनेकवचन येतं. बहुतेक वेळा ते सोयीचंच असतं. नेमका तोच शब्द हवा असेल तर शब्दाआधी बरोबरचं चिन्ह लावायचं.

यादी आली की लगेच वाचायला बसू नका. डावीकडे 'रेफरीड' म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेले पेपर वेगळे करता येतात, आणि ते का करायचं हे समजून घ्या. एडीएसमध्ये परिषदांतल्या भाषणांचे सारांश, हबल किंवा चंद्रा दुर्बिणीवर वेळ मागणारे प्रस्ताव, नव्या घटनांची घाईने कळवलेली टेलिग्रामं आणि परिपत्रकं, सॉफ्टवेअरच्या नोंदी असं सगळं असतं. दुर्बिणीचा प्रस्ताव दिसायला अगदी पेपरसारखा दिसतो, लेखक, शीर्षक, सारांश सगळं असतं. पण त्यात 'आम्ही हे मोजू' असं लिहिलेलं असतं, मोजलेलं काही नसतं. प्रकल्प-अहवालात असा प्रस्ताव निष्कर्ष म्हणून छापला गेला की परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. उलट, एखादा स्फोट कालच झाला असेल तर परिपत्रकांशिवाय दुसरं काहीच नसतं, तेव्हा ती गाळणी काढून टाका.

लेखकाच्या नावाने शोधताना

सूत्र सोपं आहे: ऑथर:"आडनाव, आद्याक्षर". अवतरणाच्या आत आडनावाआधी टोपी लावली, म्हणजे ऑथर:"^बागची, जे", की फक्त पहिला लेखक म्हणून ज्याचं नाव आहे तेच पेपर येतात. सरस्वतीचा पेपर असाच सापडतो: पहिले लेखक जॉयदीप बागची, अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल, खंड ८४४, क्रमांक २५, साल २०१७. वर एबीएस:सुपरक्लस्टर (म्हणजे महासमूह) जोडलं तर यादी अगदीच लहान होते.

आपल्याकडच्या नावांचा घोळ मात्र निराळा असतो. ऑथर:"नारळीकर" एवढंच टाकलं तर जयंत नारळीकरांबरोबर त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर यांचे सापेक्षतावादावरचे पेपर येतात आणि बंधू अनंत नारळीकर यांचं अतिवाहकांवरचं (सुपरकंडक्टरवरचं) कामही येतं. तिघंही संशोधक, तिघांचंही आडनाव एक. आद्याक्षर जे दिलं की काम भागतं. पूर्ण नाव जयंत असं दिलं तरी एडीएस फक्त 'जे' छापलेल्या नोंदीही दाखवतं, कारण जुनी जर्नलं आद्याक्षरंच छापत.

पण 'जोशी, ए' किंवा 'पाटील, एस' शोधायचे असतील तर आद्याक्षर पुरत नाही. अशा वेळी डावीकडची संस्थांची गाळणी वापरा, नाहीतर विषयाचा शब्द जोडा. लेखकाने ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक) घेतलेला असेल तर ऑर्किड: ने शोधणं सर्वात खात्रीचं. अनेक दाक्षिणात्य नावांत आडनावच नसतं, तिथे एकाच माणसाचं नाव एका जर्नलात सरळ आणि दुसऱ्यात उलटं छापलेलं असू शकतं. दोन्ही रूपं ओआरने जोडून शोधा. तुम्ही स्वतः पहिला पेपर लिहाल तेव्हा नावाचं एकच रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, लग्नानंतर आडनाव बदललं तरी.

शब्दांवरून नाही, पेपरवरून पेपर

शब्द टाकून शोधणं ही फक्त सुरुवात. खरा शोध एक चांगला पेपर हाती लागल्यावर सुरू होतो. पेपरच्या पानावर 'रेफरन्सेस' म्हणजे त्याने कुणाकुणाचा आधार घेतला आणि 'सायटेशन्स' म्हणजे नंतर कुणीकुणी त्याचा आधार घेतला. पहिल्या यादीतून मागे जाता येतं, दुसरीतून पुढे. सरस्वतीच्या पेपरवरून मागे गेलात तर स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचे आणि आधीच्या महासमूहांचे पेपर मिळतात. पुढे गेलात तर त्या महासमूहातल्या समूहांवर पुढे काय काम झालं ते कळतं. तेही सायटेशनच्या संख्येनुसार लावून पाहिलं की कुठले दोन-चार पेपर सगळेच वाचतात ते दिसतं.

याच्या पुढची तीन सूत्रं फारच कमी लोक वापरतात. यूजफुल(...) कंसातल्या विषयावरचे पेपर वारंवार कुणाचा आधार घेतात ते काढतं, म्हणजे पद्धती आणि पायाभूत काम. रिव्ह्यूज(...) त्या विषयाच्या मुख्य पेपरांचा आधार घेणारे पेपर काढतं, त्यात आढाव्याचे लेख वर येतात. ट्रेंडिंग(...) त्या विषयावरचे ताजे पेपर वाचणारे लोक आणखी काय वाचतायत ते सांगतं. नव्या विषयात शिरताना रिव्ह्यूज(एबीएस:सुपरक्लस्टर) असं काहीतरी आधी चालवा. किंवा सरळ अ‍ॅन्युअल रिव्ह्यू ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स या जर्नलात शोधा, बिबस्टेम: नंतर त्याचं संक्षिप्त रूप ए-आर-ए-अँड-ए. या आढाव्यांतला एक लेख नीट वाचला की सुटे पन्नास सारांश चाळायची गरज पडत नाही.

जुन्या वाङ्मयात जाताना आजचे शब्द चालत नाहीत. एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाच्या १९२६च्या पेपरचं शीर्षक 'एक्स्ट्रा-गॅलॅक्टिक नेब्युली' असं आहे, गॅलॅक्सी नाही. 'ब्लॅक होल' हा शब्द १९६०च्या दशकात रुळला, त्याआधीचं काम कोलॅप्स या शब्दाने शोधावं लागतं. शिवाय जुन्या पेपरांना सारांश नसायचेच, म्हणून एबीएसने शोधलं तरी एडीएसला फक्त शीर्षकच मिळतं. १९५०च्या मागे जायचं तर रेफरन्सेसच्या साखळीने जाणं बरं.

बिबकोड वाचायला शिका

एडीएसमधल्या प्रत्येक नोंदीला एकोणीस जागांचा बिबकोड असतो. तो पाठ करायचा नसतो, पण वाचता आला की पेपर न उघडताच बरंच कळतं. सरस्वतीचा घ्या. पहिल्या चार जागा वर्षाच्या: २०१७. पुढच्या पाच जर्नलच्या: ए, पी, जे आणि उरलेल्या दोन जागी टिंबं. मग चार खंडाच्या: एक टिंब आणि ८४४. मग एक जागा विशेष खुणेची, इथे टिंब. पत्रस्वरूपाच्या छोट्या पेपरला तिथे एल असतो. मग चार पानाच्या: दोन टिंबं आणि २५. शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचं आद्याक्षर, बी. टिंब कमी-जास्त झालं की कोड चुकला. म्हणून हाताने टाइप न करता कॉपीच करावा.

अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स या युरोपीय जर्नलच्या कोडात 'अँड'चं चिन्ह येतं. ते जसंच्या तसं दुव्यात टाकलं तर दुवा तिथेच तुटतो. टक्क्याचं चिन्ह आणि २६ हे त्याचं दुव्यातलं रूप.

पीडीएफ कुठून मिळते

पेपरच्या पानावर उजवीकडे 'फुल टेक्स्ट सोर्सेस' असतात. प्रकाशक, अर्काइव्ह आणि जुन्या पेपरांसाठी एडीएसने स्वतः केलेलं स्कॅन. कुलूप दिसलं तरी निराश होऊ नका. अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल आणि अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल जर्नल २०२२पासून खुली आहेत, ब्रिटनचं मंथली नोटिसेस २०२४पासून खुलं झालं. त्याआधीचे पेपर बहुधा अर्काइव्हवर असतात. चंद्रशेखर यांचा श्वेतबटूंच्या कमाल वस्तुमानावरचा १९३१चा पेपर, अवघा दोन पानांचा, स्कॅनमध्ये फुकट वाचता येतो. स्कॅन म्हणजे पानाचं चित्र, त्यामुळे त्यात शब्द शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. 'बुलेटिन ऑफ द अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया' हे आपलं जुनं नियतकालिकही एडीएसवर आहे.

अर्काइव्ह हे प्रीप्रिंटचं भांडार, १९९१मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलं, आता कॉर्नेल विद्यापीठाकडे आहे. खगोलशास्त्राचा विभाग अ‍ॅस्ट्रो-पीएच, त्याचे सहा भाग: आकाशगंगा, विश्वरचना, ग्रह, उच्च ऊर्जा, उपकरणं आणि पद्धती, सूर्य व तारे. रोजची यादी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला लागते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. शुक्रवारी-शनिवारी तिथे यादी लागत नाही, म्हणून आपल्याकडे शनिवारी आणि रविवारी सकाळी जुनीच यादी दिसते. संकेतस्थळ बंद पडलेलं नसतं.

अर्काइव्हच्या क्रमांकातले पहिले चार आकडे वर्ष आणि महिना सांगतात: १७०७ म्हणजे जुलै २०१७. एप्रिल २००७च्या आधीचे क्रमांक अ‍ॅस्ट्रो-पीएच आणि तिरक्या रेघेने सुरू होतात. क्रमांकाच्या शेवटी व्ही१, व्ही२ अशी आवृत्ती असते, आणि ती बघितलीच पाहिजे. व्ही१ बहुतेकदा जर्नलला पाठवलेला मसुदा असतो, परीक्षकांच्या हरकतींनंतर आकडे बदलतात, कधी निष्कर्षही. 'कॉमेंट्स' या ओळीत 'सबमिटेड' लिहिलंय की 'अ‍ॅक्सेप्टेड', ते आधी वाचा. तिथे काहीच नसेल तर पेपर अजून कुणी तपासलेला नाही असं धरून चाला. आपल्या मजकुरात आकडा घेताना छापील आवृत्तीशी ताडून पाहणं बरं.

एखाद्या ताऱ्याबद्दल किंवा आकाशगंगेबद्दल

विषय नसून एखादी वस्तूच हवी असेल तर शब्दशोध फसतो, कारण एकाच वस्तूला अनेक नावं असतात. एम८७ म्हणजेच एनजीसी ४४८६, ३सी २७४ आणि व्हर्गो ए. रेडिओवाल्यांनी एका नावाने लिहिलेलं, प्रकाशीय दुर्बिणवाल्यांनी दुसऱ्या. एडीएसमध्ये ऑब्जेक्ट:"एम८७" असं टाकलं की ते सिम्बाड आणि नेडच्या नोंदींशी जोडून शोधतं आणि दुसऱ्या नावाने लिहिलेले पेपरही आणतं.

सिम्बाड फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या केंद्राचा. एखाद्या नावाने शोधलं की सगळी पर्यायी नावं, स्थान, प्रत (तेजस्वितेचं माप), अंतर आणि पेपरांची यादी एकाच पानावर. मात्र सूर्यमालेतलं त्यात काही नसतं. धूमकेतू किंवा लघुग्रह सिम्बाडमध्ये शोधत बसू नका, त्यासाठी मायनर प्लॅनेट सेंटर आहे. क्रॅब तेजोमेघ आणि त्यातला पल्सार या सिम्बाडच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत, कुठली उघडलीय ते बघा. नेड फक्त आपल्या आकाशगंगेबाहेरच्या वस्तूंसाठी. सिम्बाड एक निवडलेलं मूल्य दाखवतो, नेड वेगवेगळ्या पेपरांतली मूल्यं शेजारीशेजारी देतं. अंतरांत मतभेद असतील तर नेडच उघडावं.

पेपरातली मोठी सारणी हवी असेल तर व्हिझिएर, तोही स्ट्रासबूर्गचाच. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत त्याचा मिरर, म्हणजे जशीच्या तशी प्रत, आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर १५० मेगाहर्ट्झला केलेल्या टीजीएसएस सर्वेक्षणाचा कॅटलॉग तिथे आहे. त्याचा क्रमांक म्हणजे जे, मग जर्नल, खंड ५९८, पान ए७८, मध्ये तिरक्या रेघा. पेपरचा पत्ता माहीत असला की कॅटलॉगचा क्रमांक असा स्वतःच बनवता येतो. त्यात सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोत आहेत, पण व्हिझिएर सुरुवातीला पन्नासच ओळी दाखवतं. डावीकडे कमाल ओळींचा आकडा असतो, तो 'अनलिमिटेड' करा किंवा आकाशाचा तुकडा निवडा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं अ‍ॅस्ट्रोक्वेरीही तसंच, त्यातही ओळींची मर्यादा पन्नासच असते. आलेख काढल्यावर बिंदू संशयास्पदरीत्या थोडे दिसले, तर आधी हेच तपासा. आणि सारणी उतरवण्यापूर्वी रीडमी फाइल वाचा, स्तंभातला आकडा जान्स्कीत (रेडिओ तीव्रतेचं एकक) आहे की मिलीजान्स्कीत ते तिथेच लिहिलेलं असतं.

संदर्भयादी आणि सूचना

खातं फुकट आहे, पहिल्याच दिवशी उघडा. त्यात 'लायब्ररी' करून पेपर साठवता येतात आणि एकदम बिबटेक्स, म्हणजे संदर्भयादीची फाइल, काढता येतं. लाटेक या प्रबंध-पेपर लिहिण्याच्या प्रणालीत ही फाइल लावली की अनेकदा 'अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स' अशी तक्रार येते. एडीएस जर्नलचं नाव उलट्या तिरक्या रेघेचा एपीजे, एमएनआरएएस अशा लघुरूपात देतं, आणि जर्नलांच्या स्वतःच्या साच्यांनाच ती लघुरूपं ठाऊक असतात. विद्यापीठाच्या प्रबंधाच्या साच्याला ती ठाऊक नसतात. एडीएसच्या सेटिंग्जमध्ये 'एक्स्पोर्ट'खाली जर्नलचं पूर्ण नाव निवडलं की तक्रार जाते.

दुसरी अडचण थोडी उशिरा येते. अर्काइव्हवरचा पेपर छापून आला की त्याचा बिबकोड बदलतो. जुना कोड एडीएसमध्ये चालत राहतो, पण तुम्ही यादी नव्याने काढलीत तर फाइलमधली किल्ली (त्या नोंदीचं सांकेतिक नाव) बदलते आणि प्रबंधात सायटेशनच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं. किल्लीचा नमुना सेटिंग्जमध्येच आडनाव आणि वर्ष असा ठरवून ठेवला तर हा त्रास बराच कमी होतो.

सूचनांसाठी मायएडीएस आहे. त्यात कीवर्ड, लेखक किंवा एखाद्या पेपरला आलेली नवी सायटेशनं मेलवर मागवता येतात, अर्काइव्हची यादी रोज, बाकीचं दर आठवड्याला. सुरुवातीला दोनच सूचना लावा. दहा लावल्या की पंधरा दिवसांत सगळ्याच न वाचता खोडल्या जातात.

प्रोग्रॅममधून शोधायचं असेल तर खात्यातून एपीआयची (प्रोग्रॅमने एडीएसशी बोलायच्या मार्गाची) टोकन, म्हणजे गुप्त किल्ली, मिळते. किती हव्यात ते न सांगता दहाच नोंदी येतात, रोज पाच हजार विनंत्यांपर्यंत चालतं, आणि ती टोकन गिटहबवर (कोड सगळ्यांना दिसतो अशा संकेतस्थळावर) चुकूनही टाकू नका. एडीएसच्या चमूने आता पृथ्वी, ग्रह आणि सूर्यविज्ञानासह सायएक्स नावाचं विस्तारित दालनही सुरू केलंय. वर दिलेली सूत्रं तिथेही चालतात.

नोंद चुकीची आढळली, लेखकाचं नाव उलटं छापलेलं दिसलं किंवा एखादं सायटेशन गाळलेलं आढळलं तर 'फीडबॅक'मध्ये त्यासाठी फॉर्म आहे. बिबकोड आणि योग्य मजकूर तेवढा नेमका द्या.